समोरचा कॅमेरा

ज्या वस्तूला बाहेरून एकही स्क्रू नाही, ती बनवणाऱ्याच्या मनात तुमच्या-माझ्याबद्दल काहीतरी आकस असला पाहिजे. मी हे उगाच बोलून नाही राहिलो. अठ्ठावीस वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर होतो. कारखाना बंद पडला तेव्हापासून घरीच कूलर, मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, जे येईल ते दुरुस्त करतो. ज्याला स्क्रू आहे ते उघडतं आणि जे उघडतं ते कधी ना कधी समजतं, एवढंच माझं शास्त्र. आणि हा मोबाइल बघा! काचेवर काच, मधे गोंद. गोंद! अरे, फोन बनवून राहिले की पतंग?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. फोन माझा नव्हता, बायकोचा होता. माझा बटणांचा आहे, तो तीनदा जिन्यावरून पडला आणि तिन्ही वेळा उचलून खिशात टाकला. तिला मात्र काचेचाच घ्यावा लागला, कारण तिची हजेरी त्यात होती.

ती रामदासपेठेत एका खाजगी दवाखान्यात मावशी आहे. पेशंटला उठवायचं-बसवायचं, चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं-काढायचं, ऑपरेशनला नेताना रडणाऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. डॉक्टर राउंडला येतात आणि पाच मिनिटांत जातात, उरलेला दिवस मावशीचा असतो. अकरा वर्षं ती हे करते आहे. पण कागदावर ती दवाखान्याची नाही, ठेकेदाराची आहे. आमच्या घरात पक्का म्हणावा असा रोजगार तिचाच. मला उन्हाळ्यात कूलरांपायी घाम पुसायला फुरसत नसते, आणि पाऊस लागला की मी दारात बसून माशा मारतो.

आधी गेटवर रजिस्टर असायचं, सही केली की झालं. मग ठेकेदाराला काय सुचलं कोण जाणे, त्याने ते बंद केलं. आता सकाळी सातच्या आत गेटपाशी उभं राहायचं, आपल्या फोनमधलं त्यांचं ॲप उघडायचं आणि समोरच्या कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं. एका बाईचा एकच फोन नोंदवलेला. बहिणीचा, शेजारणीचा चालत नाही. ॲपला चेहरा दिसला तर हजर, नाही दिसला तर गैरहजर. आणि लागोपाठ तीन दिवस नाही दिसला तर चौथ्या दिवशी नाव आपोआप कटतं. परत घेतलंच तर नवीन बाई म्हणून घेतात. म्हणजे अकरा वर्षांची नोकरी एका कॅमेऱ्याच्या भरवशावर! हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशीही मी तासभर बोंबललो होतो. ऐकायला घरात तीच होती.

तर तो रविवार. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागलेला, सकाळी नऊला अंगणात पाय ठेववत नव्हता. तिची सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी ही बाई कुरोड्या घालत होती. पहाटेपासून छतावर जुनं पातळ अंथरून तिने गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या घातल्या आणि खाली आली, कोपरापर्यंत हात भरलेले. मी कूलरच्या ताट्यांतलं, म्हणजे बाजूच्या जाळ्यांतलं, जुनं गवत काढून नवं भरत होतो. दोन ताट्या बसवल्या, तिसरी बाकी होती, आणि पंखा आवाज करतो का बघायला मी तशीच उघडी ठेवून कूलर सुरू केला. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. हात चिकाचे, म्हणून तिने कोपरानेच कसाबसा स्पीकर लावला आणि फोन कूलरच्या डोक्यावर ठेवून बोलायला लागली. आमचा कूलर पत्र्याचा, चालू झाला की सगळा थरथरतो. फोन सरकत सरकत कडेला आला आणि उघड्या ताटीतून सरळ आत पाण्याच्या टबात. बहिणीचा आवाज पाण्यात दोन सेकंद बुडबुडला आणि बंद झाला.

"अजी, फोन पडला जी टबात!"

"कूलरवर ठेवते काय वं कोणी फोन!" माझ्या तोंडून हेच आधी निघालं. ताटी उघडी कोणी ठेवली हे मी बोललो नाही. तिनेही विचारलं नाही.

फोन पाण्याबाहेर काढला, पुसला, झटकला. मेलेला. आता कोणी म्हणेल तांदळाच्या डब्यात ठेवायचा. आमच्या घरात तांदूळ कोणाला आठवला नाही. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात ओली वस्तू दिली की त्याचे हात आपोआप छताकडे जातात. पापड, कुरोड्या, मूगवड्या, मिरच्या, गाद्या, पोरांची भिजलेली वह्या-पुस्तकं, सगळं आम्ही त्या उन्हात वाळवलं आहे आणि त्या उन्हाने आम्हाला कधी नाही म्हटलं नाही. "वर ठेवू, तासाभरात खडखडीत होईन," ती म्हणाली आणि कुरोड्यांच्या रांगेत शेवटी फोन ठेवून आली. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. अठ्ठावीस वर्षांचा फिटर आणि मलाही वाटलं, बरोबर आहे, वाळेल.

अडीच-तीनला ती फोन घेऊन खाली आली, पदरात धरून, कारण हाताला चटका बसत होता. "चालू झाला जी," ती म्हणाली, पण चेहरा उतरलेला. फोन चालू झाला होता खरा. पण पाठ फुगली होती. आतली बॅटरी तव्यावरच्या पोळीसारखी टम्म झालेली, आणि मागची काच एका बाजूने उचलून वर आलेली. फटीत माझं नख जात होतं.

बॅटरी फुगली म्हणजे खेळ नाही, हे मला माहीत होतं. टोचली तर पेट घेते. ती तशीच दाबून बसवणारे महाभाग आमच्या गल्लीत आहेत, मी नाही. मी फोन बंद केला, सावलीत ठेवला आणि त्या ४५ डिग्रीत स्कूटर काढून सीताबर्डीला गेलो. तिथं एका बोळीत ओळीने मोबाइलवाले बसतात, टेबलाएवढी दुकानं. एकाने मॉडेलचं नाव ऐकून बॅटरी काढून दिली आणि सहज म्हणाला, "फोन ले आओ अंकल, मैं लगा देता हूँ. आधा घंटा."

अर्धा तास! मला अंकल म्हणून वर अर्धा तास!

"मीच लावीन. फिटर हाय मी," मी म्हणालो. त्याने खांदे उडवले आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

त्या खांद्यांचा मला अजूनही राग येतो. हे लिहितानाही येऊन राहिला आहे.

घरी येऊन मी खिडकीशी बसलो. कूलर बंद, कारण चालू ठेवला तर वाऱ्याने स्क्रू उडतात. हो, स्क्रू होते! सगळे आतमधे, तिळाएवढे, तीन वेगवेगळ्या लांबीचे, जणू कोणी पाहुण्यांसाठी लपवून ठेवलेले. ते काढून मी स्टीलच्या ताटलीत क्रमाने मांडले. घाम नाकाच्या शेंड्यावरून खाली पडत होता आणि खाली मदरबोर्ड. एका हाताने टॉवेल, एका हाताने पेचकस. बायको समोर बसून वर्तमानपत्राने वारा घालायला लागली तर मी खेकसलो, "स्क्रू उडवते का!" ती उठून आत गेली.

बायकोच्या बहिणीचा फोन मागवून घेतला होता, त्यावर व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस बघून डोकं आणखी फिरलं. पांढरंशुभ्र टेबल, हातात निळे मोजे, मागे एसी असणार. तो म्हणतो, बॅटरीखालची ही पट्टी अलगद ओढा, बॅटरी सहज निघेल. मी अलगद ओढली. पट्टी च्युइंगमसारखी ताणली आणि तुटून माझ्या हातात आली. आता? व्हिडिओतल्या माणसाची तुटली नाही, त्यामुळे तो पुढं काही बोलत नाही. घ्या!

मी जुनं एटीएम कार्ड बॅटरीखाली सरकवून बघितलं. वाकलं. शिवणाचा दोरा घालून करवतीसारखा ओढून बघितला. तुटला. गोंद काही सुटेना. बॅटरी हातासारखी गरम आणि फुगलेली, तिला टोच लागता कामा नये ही भीती डोक्यात सारखी. पाऊण तास गेला. पाठ मोडली, डोळ्यांत घाम, आणि दोन काचांच्या मधे गोंद लावणाऱ्या त्या अज्ञात माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. शेवटी मी उठलो, स्वयंपाकघरातून पोळी उलटायचा पातळ सराटा आणला आणि वरच्या बाजूने, बॅटरीच्या डोक्याशी घातला. हळूच घातला, हे मी देवाशपथ सांगतो. पण गोंद एकदम सुटला. बॅटरी उचलली आणि सराटा पुढे घसरला.

खट्.

फार बारीक आवाज होता. वरच्या कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा कॅमेरा बसवलेला असतो, समोरचा, चेहऱ्याचा. त्यापासून केशरी रंगाची एक पातळ पट्टी निघून बोर्डावरच्या खाचेत जाते. ती पट्टी फाटली होती, आणि फाटता फाटता तिने बोर्डावरची खाचही एका बाजूने उपटली होती.

मी ते बघितलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघितलं. मग मी काही झालंच नाही असं पुढचं सगळं केलं. फुगलेली बॅटरी बाहेर कुंडीतल्या मातीत ठेवली, नवी बसवली, तिळाएवढे स्क्रू क्रमाने लावले, पाठ चिकटवली, वरून चार रबर लावून जड लोखंडी पाना ठेवला. सात वाजता फोन सुरू केला. उजेड, आवाज, बोट लावून उघडणं, सगळं ठणठणीत. कॅमेरा उघडला. मागचा चालला. समोरचा काळा.

"झाला का जी?" ती आतून विचारत आली.

"झाला. पण समोरचा कॅमेरा गेला."

"गेला?"

"पाण्यानं गेला असन. आतमधे पाणी गेलंच होतं ना!"

तिने ती काळी चौकट पदराने पुसून बघितली. मग म्हणाली, "माह्यामुळंच झालं." तिथंच, त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण मी हात धुवायला गेलो.

सोमवारी ती साडेसहालाच गेटवर होती. ॲप म्हणालं, चेहरा दिसत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सात वाजले. ॲपने गैरहजर लावलं आणि ती आत जाऊन दुपारी तीनपर्यंत राबली. ऐका, नीट ऐका. हाडामासाची बाई, वॉर्डात उभी, एका हाताने म्हाताऱ्याला धरून दुसऱ्या हाताने त्याची लुंगी बदलून राहिली, सिस्टर तिला हाका मारते, पेशंट तिला हाका मारतात, आणि ती गैरहजर! वॉर्डातल्या सिस्टरने कागदावर लिहून दिलं की ही बाई पूर्ण वेळ कामावर होती. सुपरवायझर म्हणाला, कागद चालत नाही. ठेकेदाराच्या ऑफिसच्या मॅडम बुधवारी येतात, त्यांना भेटा. बुधवार म्हणजे तिसरा दिवस.

ती घरी येऊन हे सांगत होती आणि माझा पारा चढत होता. मी ठेकेदाराला शिव्या दिल्या. ॲप बनवणाऱ्याला दिल्या. फोनच्या कंपनीला दिल्या. ताट सरकवलं ते भिंतीवर आदळलं आणि वरण सांडलं. आणि मग, कशासाठी ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी तिच्यावर घसरलो.

"तुले कितीदा सांगतलं, कूलरवर काही ठेवू नको! वरून उन्हात ठेवला! फोन म्हणजे कुरोडी हाय काय वं? अक्कल कुठं ठेवली होती?"

"हो जी, माहीच चूक," ती म्हणाली आणि फडक्याने वरण पुसायला लागली.

म्हणजे बघा, फाटलेली पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. आणि ओरडतोय मीच. त्यातही मजा अशी, की ओरडताना मला ते खरंच वाटत होतं. राग आला की माणसाला स्वतःचंच पटत जातं, निदान माझं तरी तसं आहे. वीस मिनिटांनी मी झोपाळ्यावर जाऊन बसलो तेव्हा मात्र ती फाटलेली पट्टी डोळ्यासमोरून हलेना.

मंगळवारी ती पुन्हा गेली आणि पुन्हा गैरहजर लागली. दुपारी ती घरी आल्यावर मी फोन मागून घेतला आणि सीताबर्डीला त्याच बोळीत गेलो, पण मुद्दाम दुसऱ्या दुकानात. पहिल्याला तोंड दाखवायचं नव्हतं. हा दुकानदार वयस्कर, डोळ्याला भिंग लावून बसलेला. "समोरचा कॅमेरा पाहिजे. पाण्यात पडला होता," मी म्हणालो.

त्याने पाठ उघडली. दोन मिनिटांत उघडली, मेल्याने. भिंगातून वाकून बघितलं.

"ये पानी का काम नहीं है. किसी ने खींचा है."

"पाण्यानंच गेला," मी म्हणालो.

"अरे भाईसाहब, पट्टी देखो ना. फटी हुई है. और ये देखो, बोर्ड का कनेक्टर भी उखाड़ दिया. कैमरा डालूँगा तो भी नहीं चलेगा. जिसने खोला है, उसको बोलो आगे से मत खोलना."

माझ्या बाजूला दोन माणसं उभी होती. माझा आवाज चढला. मी त्याला म्हणालो, तुम्हा लोकांना धंदा पाहिजे म्हणून काहीही सांगता. तो म्हणाला, आपकी मर्जी. मी फोन हिसकावून घेतला आणि निघालो. स्कूटरपाशी येईपर्यंत मी मनात त्याचा कचरा करत होतो, आणि तो शंभर टक्के बरोबर होता. बोर्डाचं काम कोणाकडून होईल का म्हणून आणखी दोघांना विचारलं. एक म्हणाला आठ दिवस लागतील आणि भरवसा नाही. दुसऱ्याने हातच लावला नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणला?"

"पार्ट नाही म्हणला. मॉडेल जुनं हाय."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. तिने मान हलवली. मग म्हणाली, "उद्या मॅडमले भेटीन. पाय धरीन, पण नाव नाही कटू द्यायची. अकरा वर्षं झाली जी." हे ती रडत बोलली असती तर बरं झालं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालत बोलली.

बुधवारी मीही गेलो. मॅडमचं बघून घेतो, असं मी घरातून निघतानाच जाहीर केलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका, मी बोलतो." आमच्याकडे बायाही बोलतो, जातो असं म्हणतात. मी हो म्हणालो आणि अर्थातच ऐकलं नाही.

दवाखान्याच्या तळमजल्यात, पार्किंगच्या मागे ठेकेदाराची खोली होती. मॅडम तिशीची असेल. समोर लॅपटॉप, बाजूला पाण्याची बाटली, आणि खोलीत माझ्या आयुष्यात अनुभवला नसेल इतका थंडगार एसी. बायको अजून नमस्कार करत होती तेवढ्यात मी सुरू झालो. "मॅडम, तीन दिवसांपासून ही बाई इथं राबून राहिली. सगळा वॉर्ड साक्षीदार हाय. तुमच्या डब्याले नाही दिसली म्हणून गैरहजर? डोळे हायेत ना तुमाले? हे पाहा, ही उभी हाय! दिसते का?"

"काका, आवाज खाली," मॅडम म्हणाल्या. "मला दिसून उपयोग नाही. सिस्टीमला दिसायला पाहिजे."

मी टेबलावर हात आपटणार होतो. बायकोने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे नुसता हात नाही ठेवला, पेशंटला पलंगावरून पडताना धरतात तसं धरलं. आणि मॅडमला म्हणाली, "मॅडम, चूक माही हाय. मीच फोन पाण्यात पाडला, मीच उन्हात ठेवला. आमच्या यांनी बिचाऱ्यांनी तीन दिवस त्याच्यापायी उन्हातान्हात चकरा मारल्या. सीताबर्डी पालथी घातली. त्यांच्या बोलण्याचं मनावर नका घेऊ. तुम्ही सांगान ते करतो, पण नाव नका काटू."

हात जोडून उभी होती. मला तिच्या हातांकडे बघवेना.

मॅडम वाईट नव्हत्या, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाही मला राग येतो. त्यांनी लॅपटॉपवर काही बघितलं आणि म्हणाल्या, "नाव वाचवता येईल. घरच्या कोणाचा जुना फोन असेल तर तो तुमच्या नावावर नोंदवू, शनिवारपर्यंत. तोवर सिस्टरची सही घेऊ. पण फाइलला अर्ज लागेल. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे फोन खराब झाला, पुन्हा असं होणार नाही, अशी माफी. तेवढं लिहून द्या."

कोरा कागद पुढं आला. बायकोला लिहिता येतं, पण अर्जाच्या भाषेला ती भिते. लाइट बिलापासून रेशनपर्यंत घरातले सगळे अर्ज मीच लिहितो. तिने कागद माझ्यासमोर सरकवला आणि पेन उघडून दिलं.

'महोदय, मी खाली सही करणारी... गेल्या अकरा वर्षांपासून...' इथपर्यंत हात चालला. 'माझ्या' लिहिलं. पुढं 'निष्काळजीपणामुळे' लिहायचं होतं आणि पेन थांबलं. माझं अक्षर चांगलं आहे, कारखान्यात सगळ्यांचे रजेचे अर्ज मी लिहायचो, कधी अडलो नाही. मी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, फोन हिनं नाही बिघडवला. मी बिघडवला. बॅटरी काढता काढता माह्या हातून कॅमेऱ्याची पट्टी फाटली. पाण्यानं काही झालं नव्हतं."

मला वाटलं, आता बायको माझ्याकडे वळून बघेल. ती कागदाकडे बघत होती.

"काका, कोणी फाडली ते मी विचारत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "फोन त्यांच्या नावावर आहे, जबाबदारी त्यांची. तुमचं नाव अर्जात घालून मला काही करता येणार नाही."

"पण खरं काय ते..."

"लिवा ना जी," बायको म्हणाली. "बारा वाजता जेवणाच्या ट्रॉल्या येते. वेळ जाऊन राहिला."

मी लिहिलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे माझा मोबाइल खराब झाला, त्याबद्दल मी माफी मागते.' खाली तिने सावकाश सही केली. मॅडमनी कागद पंच करून फाइलीत लावला आणि म्हणाल्या, झालं मावशी, जा आता.

आम्ही बाहेर पार्किंगमधे आलो. एसीतून एकदम त्या भट्टीत. माझ्या डोक्यात आता कुठं उजेड पडत होता. मी आत एवढं मोठं बोललो आणि ही बाई दचकली नाही. 'काय म्हणता' म्हणाली नाही. साधी मान वर केली नाही.

"तुले मालूम होतं काय?" मी विचारलं.

"हाव."

"कवापासून?"

"रविवारीच. फोन छतावरून आणला ना, तवा जिन्यातच पहिले ॲपचा कॅमेरा उघडून पाहला. माही नोकरी त्याच्यात हाय, मी दुसरं काय पाहीन? साफ दिसत व्हतं थोबाड. गालाले चीक लागला व्हता, तोही दिसला. मंग तुम्ही खोलला आन् कॅमेरा काळा झाला." ती हे अगदी साधं बोलली, वॉर्डातली गोष्ट सांगावी तसं.

मला शरम वाटायला पाहिजे होती. वाटलीही असेल, खाली कुठंतरी. पण वर जे आलं ते नेहमीचंच आलं.

"मंग बोलली काहून नाही वं!" मी ओरडलो. "तीन दिवस 'माह्यामुळं, माह्यामुळं' करून राहिली! मी तिकडं दुकानं पालथी घालून राहिलो, लोकांचे टोमणे खाऊन राहिलो, आन् तू सगळं समजून गप! मले येडा समजते काय? एका शब्दानं बोलता नाही येत? तोंड नाही तुले?"

गेटवरचा चौकीदार खुर्चीतून उठला. व्हीलचेअरवरून एका म्हाताऱ्याला नेत होते, तो मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. पार्किंगच्या पत्र्याखाली माझाच आवाज मला परत ऐकू आला.

ती माझं संपेपर्यंत थांबली. मला वाटतं, इतकी वर्षं ती अशीच थांबत आली असणार, मी कधी बघितलं नव्हतं. मग तिने पदराने कपाळ पुसलं.

"हे पाहा," ती म्हणाली. "याच्याच पायी नाही बोलली."

आणि ती आत गेली. तिची ड्युटी तीनपर्यंत होती.